सगळ्यांना सारखंच पळवा!

...आणि वर सर मलाच विचारतात, "काय गं, आता तरी झोप लागते का?" न्याय मागणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे हा? तुम्हाला सांगते, भांडण साधं होतं. रिले संघात जागा चार, आम्ही पाच जणी, आणि सर प्रत्येकीला वेगळं काम देणार! चिमणीला (ही नावं आम्हीच एकमेकींना पाडलेली) दहा फेऱ्या, मालगाडीला उड्या अन् चढाव, आणि मला? दिवसाआड एकच, "तू आज आराम कर." का म्हणून? तर टोपी सरळ करत म्हणतात, "तुझं अंग वेगळं आहे." अहो, अंग वेगळं म्हणजे काय? हा शुद्ध पक्षपात! समतेवरच्या निबंधात कॉलेजात पहिली आलेली मी, गप्प बसेन? अर्ज लिहिला, पाचही सह्या घेतल्या (मालगाडीने न वाचताच केली, तिला बस पकडायची होती) आणि मागणी एकच: सगळ्यांना सारखंच! सहा आठवडे एकच तक्ता, शेवटी घड्याळ लावा, पहिल्या चौघी संघात. सरांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "बरं." नुसतं बरं! तिथेच मला संशय यायला हवा होता...

तक्ता मीच भिंतीवर चिकटवला. रोज दहा फेऱ्या, सुट्टी फक्त रविवारी. दुसऱ्या आठवड्यात चिमणी शीळ घालत पळायला लागली आणि माझ्या पोटऱ्यांचे दगड झाले. चौथ्यात मालगाडी, इतके दिवस स्टेशनातच उभी, ती एकदम सुटली! आणि मी? कठडा धरल्याशिवाय जिना उतरवेना. रात्री डोळ्याला डोळा लागेना. आई म्हणते, "तुला नि दादाला मी एकाच ताटात भरवलं. तो झाला ताडमाड, तू राहिलीस एवढीशी. तेव्हा नाही अर्ज दिलास?" आता आईशी काय वाद घालायचा! तत्त्व म्हणजे तत्त्व. सगळ्यांना सारखंच!

घड्याळ लागलं. चिमणी चार सेकंदांनी सुधारली, मालगाडी दोन, बाकीच्या दोघी होत्या तिथेच, आणि मी... तीन सेकंद मागे. पाचवी. माझ्याच नियमाने, माझ्याच अक्षरातल्या तक्त्याने! सरांना गाठलं, तर शांतपणे म्हणतात, "अगं, पळताना माणूस नुसता थकतो, सुधारतो तो नंतर, विश्रांतीत. चिमणीचं अंग एका रात्रीत सावरतं, तुला दोन लागतात. असं का, ते मलाही पुरतं कळलेलं नाही. म्हणून तर वहीत प्रत्येकीचं वेगळं पान."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, पक्षपात."

घ्या! तर शर्यतीच्या दिवशी मी कुठे? मैदानाच्या कडेला, चौघींच्या चपला सांभाळत. म्हटलं, निदान इथे तरी न्याय करू. चार बाटल्या घेतल्या, पाणी अगदी काठोकाठ, थेंबाचा फरक नाही. सगळ्यांना सारखंच! चिमणी आली, बाटली हातात घेतली, आणि म्हणते कशी...

"ताई, मला अर्धीच गं. मला एवढं सोसत नाही."

...ओतलं अर्धं. करते काय!