वय अठ्ठावन्न, तक्रार चक्कर

अकरा : ...आणि चक्कर रोज येते, की ठरावीक दिवशीच?

ती : रोज कुठली? अधूनमधून येते आपली.

अकरा : या आठवड्यात कधी आली होती?

ती : बुधवारी. हां, आणि शनिवारी. शनिवारी ओट्याला धरून उभी राहिले म्हणून, नाहीतर पडलेच असते.

अकरा : आणि मागच्या आठवड्यात?

ती : तेव्हाही बुधवारच असावा. मी काय वहीत लिहून ठेवते का गं?

अकरा : नाही, नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना? रोज घेता?

ती : अगदी न चुकता. घड्याळ लावावं माझ्यावर.

अकरा : बुधवारी काय असतं, काकू?

ती : काय असणार? बुधवार असतो.

अकरा : आणि मंगळवारी?

ती : मंगळवारी बहिणीकडे जाते. शुक्रवारी पण.

अकरा : लांब राहतात का त्या?

ती : बसनं सव्वादोन तास. मध्ये थांबत नाही कुठे. थांबली तरी बाईमाणसानं उतरावं अशी सोय नसते.

अकरा : म्हणजे... रक्तदाबाच्या गोळ्यांतली सकाळची ती लघवीची गोळी. ती घेऊन सव्वादोन तास बसमध्ये बसायचं म्हणजे अवघडच.

ती : अवघड तर काय.

अकरा : मग मंगळवारी काय करता?

ती : मंगळवारी राहते ती.

अकरा : आणि बुधवारी?

ती : दोन घेते. राहिलेली भरून काढायला.

अकरा : अहो काकू! म्हणजे मगाशी तुम्ही मला खोटं सांगितलंत!

ती : ...हो बाई. सांगितलं खरं.

अकरा : तसं नाही म्हणायचं मला... हे बघा, दोन एकदम कधीच घ्यायच्या नाहीत. त्यानंच चक्कर येतेय. बसच्या दिवशी दुपारी घरी परत आलात की घ्या. एकच. मी मोठ्या डॉक्टरांना विचारून पक्कं सांगते, पण बहुतेक—

(घंटा. अकरा नंबरची परीक्षार्थी बाहेर जाते. कोपऱ्यात टिपणं घेत बसलेले डॉक्टर उठून दार लावतात.)

डॉक्टर : झाली जेवणाची सुट्टी. उतरा आता त्या बाईतून, मावशी.

मावशी : उतरले. पाणी द्या आधी. सकाळपासून अकरा डॉक्टरांनी तपासलं, एकानं पाणी विचारलं नाही.

डॉक्टर : डॉक्टर कुठले? ही परीक्षा पास झाले तर होतील. घ्या. आता मला सांगा, बस कुठून आली?

मावशी : कुठली बस?

डॉक्टर : पेशंटचा कागद मी लिहिलाय. मी, या हातानं. "वय अठ्ठावन्न. तक्रार चक्कर, पंधरा दिवस. गोळ्यांमध्ये अनियमितता." संपला कागद. त्यात बस नाही, बहीण नाही, बुधवार तर नाहीच नाही.

मावशी : अनियमितता लिहिलीत. कशामुळे ते नाही लिहिलंत.

डॉक्टर : विसरतात हो लोक.

मावशी : विसरणारी बाई वेगळी. तिला विचारलं कधीपासून चक्कर येते, तर म्हणेल झाले असतील बरेच दिवस. तुमचीनं पंधरा मोजलेत. दिवस मोजणारी बाई गोळी विसरत नाही, डॉक्टर. ती मुद्दाम मागे ठेवते. आता मुद्दाम ठेवते तर कशासाठी, एवढंच मला शोधायचं होतं.

डॉक्टर : आणि तुम्हाला बस सापडली.

मावशी : बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत सव्वीस वर्षं काढली मी. बायका यायच्या, गाडीची वेळ विचारायच्या. मग मागे कोण उभं आहे ते बघायच्या. मग आवाज खाली आणून दुसरं काहीतरी विचारायच्या. ते एकच असायचं.

डॉक्टर : काय?

मावशी : एवढे शिकलात. लांबच्या गाडीला निघालेली बाई हळूच काय विचारेल?

डॉक्टर : ...हं.

मावशी : त्यातली एखादी संध्याकाळी परतीच्या गाडीनं यायची. वाटेत जायची सोय नाही म्हणून पाणी प्यायलेलीच नसायची सकाळपासून. ओठ सुकलेले. तिचे ओठ घेतले या बाईला. बोलणं दुसरीचं आहे.

डॉक्टर : पण मग सगळ्यांना "न चुकता घेते" का सांगत बसलात? अनियमितता काय कबूलच करायची नाही?

मावशी : पहिल्याच प्रश्नाला? तुम्ही करता का? दात रोज रात्री घासता?

डॉक्टर : घासतो.

मावशी : बघा.

डॉक्टर : बरं, बरं. चौदा वर्षं ही परीक्षा घेतोय मी. मागे एक नाटकातला माणूस यायचा पेशंट व्हायला. पोटात दुखतंय म्हणून असा कळवळायचा की शेजारच्या खोलीतली परीक्षा थांबायची. पण पोट सोडलं तर त्या माणसाला काही नव्हतंच. ना घर, ना दार. तुमची बाई मगाशी म्हणाली, "वहीत लिहून ठेवते का गं," आणि माझं पेनच थांबलं. मला तिची वही दिसली हो. तिच्याकडे असणार वही!

मावशी : आहे ना. फोनखाली ठेवलेली असते.

डॉक्टर : बहिणीकडे आठवड्यातून दोनदा कशाला जाते?

मावशी : भांडायला.

डॉक्टर : काय?

मावशी : आईची शिवणाची मोठी कात्री होती. ती बहिणीकडे आहे. बहीण म्हणते आईनं दिली, ही म्हणते उचललीस. बावीस वर्षं झाली.

डॉक्टर : हे कोणाला सांगितलंत आज?

मावशी : कोणी विचारलंच नाही.

डॉक्टर : मग ठरवून कशाला ठेवलंत?

मावशी : अहो, तिला नको का माहीत? तिच्या सख्ख्या बहिणीबद्दल आहे.

डॉक्टर : धन्य आहे तुमची. नाव काय तिचं?

मावशी : सांगितलं नाही अजून. मीही खोदून विचारलं नाही.

डॉक्टर : कमाल आहे. बरं, आता कामाचं. दोनच्या आत मला गुणपत्रकं खाली द्यायचीयत. शेवटचा रकाना तुमचा, पेशंटचा. "या डॉक्टरकडे परत जाल का?" हो असेल तर दोन गुण, नाही असेल तर शून्य. सहापर्यंत झालेत, पुढचे सांगा भराभर. सात नंबर?

मावशी : हो.

डॉक्टर : सात? त्यानं तुमच्याकडे मान वर करून बघितलं तरी का? प्रश्नांची यादी वाचत होता नुसता.

मावशी : म्हणून तर आनंदानं जाईल ती. तिथे काही पकडलं जायची भीती नाही.

डॉक्टर : हे मात्र भारी आहे. आठ? मान हलवलीत, म्हणजे हो. नऊ? नाही. दहा?

मावशी : नाही. घाम फुटला होता त्याला, तिलाच त्याची काळजी लागली.

डॉक्टर : अकरा. अकरा तर हो.

मावशी : नाही.

डॉक्टर : काय नाही?

मावशी : ती परत जाणार नाही.

डॉक्टर : मावशी, अकरा जणांत त्या एका मुलीला खरं काय ते कळलं!

मावशी : कळलं की. आणि कळल्यावर काय म्हणाली? "खोटं सांगितलंत." तुमच्यासमोर.

डॉक्टर : आनंदानं म्हणाली हो ती. सापडलं म्हणून.

मावशी : तो तुम्हाला कोपऱ्यातून दिसला. समोर बसलेलीला आनंद दिसत नाही, तिला तिचा पदर सारखा करावासा वाटतो. अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे. लेकीच्या वयाच्या मुलीनं खोटारडी ठरवलं.

डॉक्टर : ऐका. त्या बहिणीच्या मागे लागून मुलीचे यादीतले अर्धे प्रश्न राहिले. झोप, जेवण, घरात कोण कोण, सगळं राहिलं. वीसपैकी दहा आहेत तिला. पास व्हायला बारा लागतात.

मावशी : अरे देवा.

डॉक्टर : म्हणून म्हणतो. हो सांगा. आणि ही तिची दुसरी खेप आहे. आता राहिली तर पूर्ण वर्ष गेलं.

मावशी : हे तुम्ही मला सांगायला नको होतं.

डॉक्टर : माहीत आहे मला.

मावशी : तुमच्या हातानं दोन द्या ना कुठेतरी.

डॉक्टर : यादी ठरलेली आहे. विचारलं तर खूण, नाही विचारलं तर नाही. माझ्या हातात काही नाही. जे आहे ते तुमच्या रकान्यात आहे.

मावशी : मला विचाराल तर मी आत्ता जाईन तिच्याकडे, या पावली. माझी साखरही दाखवून येईन. पण हा प्रश्न मला नाहीये, तिला आहे.

डॉक्टर : ती नाहीच आहे! मावशी, बाहेर व्हरांड्यात एक मुलगी बसलीय. खरी. हाडामांसाची. मी दार लावताना बघितलं, डबा उघडून नुसती बघत बसलीय. आणि तुम्ही कोणासाठी अडून बसलात? जी बाई मी तीन ओळींत लिहिली आणि तुम्ही सकाळी साडेआठला अंगावर घातली, तिच्यासाठी?

मावशी : बरं. नाहीच आहे ती. सोंग आहे.

डॉक्टर : आहेच.

मावशी : मग त्या मुलीला काय सापडलं?

डॉक्टर : म्हणजे?

मावशी : बाईच नाही, तर बस नाही. बस नाही तर बुधवारच्या दोन गोळ्या नाहीत. मग अकरा नंबरनं काय शोधलं? सात नंबर बरोबर ठरला की मग. यादी वाचली, मोकळा झाला. तुम्हीच सांगा. त्या मुलीची शाबासकी खरी धरायची, तर बाईलाही खरी धरायला लागेल. लाज वाटली तीही खरी.

डॉक्टर : ...तुम्ही खिडकीत बसून लोकांना असंच बोलत होता?

मावशी : गाड्या चुकायच्या त्यांच्या.

डॉक्टर : किती वाजले? एक चाळीस. बरं. मग मला बोलू द्या तिच्याशी.

मावशी : कोणाशी?

डॉक्टर : तिच्याशी. उत्तर तिचं आहे ना? मीच विचारतो. जा परत तिच्यात.

मावशी : विचारा.

डॉक्टर : नमस्कार, ताई. ती मुलगी, मगाशी तुम्हाला तपासलं ती. तिच्याकडे परत जाल का?

ती : हो. जाईन की. चांगली आहे मुलगी.

डॉक्टर : झालं! लिहितो मी.

मावशी : थांबा. खोटं बोलली ती.

डॉक्टर : आता!

मावशी : तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मोठे डॉक्टर तुम्ही, तोंडावर नाही कसं म्हणेल? तुम्ही सात नंबरसारखं विचारलंत.

डॉक्टर : चौदा वर्षं मी मुलांना शिकवतोय पेशंटशी कसं बोलायचं...

मावशी : मग बोला ना.

डॉक्टर : एक मिनिट. हा प्रश्न बघा. "परत जाल का." कधी, ते लिहिलेलं नाही.

मावशी : नाही लिहिलेलं.

डॉक्टर : म्हणजे आजच विचारलं पाहिजे असं काही नाही. समजा, आठवडा झाला. आज गुरुवार आहे. चालेल?

मावशी : चालेल. बसा समोर. ते पेन ठेवा खाली.

डॉक्टर : ठेवलं. काय ताई, आलात का परवा बहिणीकडे जाऊन?

ती : आले.

डॉक्टर : कात्री मिळाली?

ती : कसली मिळतेय! मी गेले तर तिनं आधीच कपाटाला कुलूप लावलेलं. मी म्हटलं, चोराच्या घरी कुलूप बरं दिसतं.

डॉक्टर : आणि काल बुधवारी?

ती : काल काय?

डॉक्टर : काही नाही, सहज. काल काय केलंत सकाळी?

ती : कपडे धुतले. वाळत घातले. आणि मग लक्षात आलं, सकाळपासून ओट्याला धरलंच नव्हतं मी.

डॉक्टर : दोन नाही घेतल्या?

ती : मंगळवारी घरी आल्यावर घेतली होती. एकच. ती म्हणाली होती तशी.

डॉक्टर : मग सांगायला नको का तिला जाऊन?

ती : कोणत्या तोंडानं?

डॉक्टर : बहिणीला तरी सांगितलंत?

ती : सांगितलं. ती म्हणते, मी हेच म्हणत होते तुला. कधी म्हणत होती? जन्मात नाही. दुसरं कोणी नाही ओ सांगायला. दोन गोळ्यांचं कोणाला माहीतच नव्हतं, तर चक्कर गेल्याचं काय सांगणार?

डॉक्टर : त्या मुलीला माहीत आहे.

ती : तिला एकटीलाच.

डॉक्टर : मावशी, एक पन्नास.

ती : मावशी कोण?

डॉक्टर : चुकलो. अजून एक आठवडा गेला. आणखी एक गेला. तीन झाले?

ती : वहीत बघते. हो, तीन.

डॉक्टर : केस वगैरे विंचरून, पर्स घेऊन निघालात. आज तर गुरुवार, बहिणीचा वारही नाही. कुठे?

ती : त्या मुलीकडे. गुडघा दाखवायचाय.

डॉक्टर : कधीपासून दुखतोय?

ती : दुखत नाही. पण आधी गुडघाच बघेल ती, मग चक्कर गेल्याचं सांगता येईल.