दाऊद का राहिला

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते ते, त्यामुळे लालबागच्या आमच्या चाळीतही वादाला ऊत आलेला. एका रविवारी चाळीच्या वाचनालयातल्या चर्चासभेत विषय निघाला इस्लामचा. मी ठासून सांगितलं, त्या धर्मातच कट्टरपणा आहे. समोर दाऊद बसला होता. रत्नागिरीकडचा, मिलमध्ये दहा वर्षं माझ्या शेजारच्या मागावर काम करणारा.

तो शांतपणे म्हणाला, "कट्टर माणसं आमच्यात आहेत, नाकारत नाही मी. त्यांच्याशी भांडतो म्हणून ती मला शिव्या घालतात. पण ती म्हणजे सगळा इस्लाम नव्हे."

मग मी नको तिथे घाव घातला. "तसं असेल तर तुझा सख्खा भाऊ कराचीला का गेला रे?"

अध्यक्षस्थानी बसलेले मास्तर म्हणाले, "मुद्दे संपले की माणसावर घसरतोस होय?" मी मान खाली घातली.

दाऊद उठून गेला नाही. म्हणाला, "तो का गेला ते त्याला ठाऊक. मी का राहिलो, ते विचार की."

दहा वर्षांत मी ते कधीच विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं.

"तिकडे माझ्याशी मराठीत भांडायला कोण होतं?" दाऊद म्हणाला.