वाचल्याची खूण

प्रवेशाच्या रांगेत शिंपीकाका लेकीचा फॉर्म घेऊन उभे होते. त्यांच्या पुढे एक आई आणि तिची मुलगी. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे काकांना कळत होतं, पण कान काय शिवून टाकता येतात?

“डिजिटल फॉरेन्सिक्सच करायचं तर तो घरबसल्या करायचा एमएससी कोर्स घे. त्यात कायदा जास्त आहे.”

“त्यात लॅब नाही, आई. मला लॅबवालाच हवा.”

“असं काय शिकवतात लॅबमध्ये?”

“पुसलेलं परत कसं काढायचं ते.”

“सगळं परत येतं?”

“सगळं नाही. कधीकधी थोडं येतं. दादाचा फोन मी जपून ठेवलाय.”

“त्या फोनला हात लावायचा नाही.”

“दादा गेला त्या दिवशी तूच तो पुसलास ना?”

“हळू बोल. लोक आहेत.”

“काय होतं त्यात?”

“तुला लिहिलेला मेसेज होता. शेवटचा. नको नको ते बोलला होता तुला. वाचला असतास तर जन्मभर मनाला लावून घेतलं असतंस.”

“वाचलाय मी.”

“कसा वाचशील? मी तर…”

“तू पुसायच्या आधीच तो मला पोचला होता. मी लगेच उत्तरही पाठवलं.”

“मग आता काय शोधायचंय तुला?”

खिडकीतल्या बाईंनी फॉर्मसाठी हात पुढे केला. “कोर्स कुठला?”

“लॅबवाला,” मुलगी म्हणाली आणि आईकडे वळली. “माझं उत्तर वाचल्याची खूण माझ्या फोनवर दिसते, आई. ते त्याने वाचलं की तू, एवढंच शोधायचंय.”