खालचा पाय

नाही साहेब, ते बोंबलणं बंद करायचं बटण माझ्याकडे नाही — आणि असतं तरी दाबलं नसतं. बोंबलतंय म्हणजे काय, तर मशीन सांगतंय की मला इथे धड उभं राहवत नाहीये. माणसाने सांगितलं असतं तर तुम्ही खुर्ची आणली असती. मशीनने सांगितलं तर मला घड्याळ दाखवताय. चार वाजता पाहुणे येणार, माहितीय — तुम्ही सकाळपासून अकरा वेळा सांगितलंत, तुमच्या शिपायाने दोनदा. शाळेचं नाव भिंतीवर हवं आणि अक्षरं पडलीत इथे गवतात. मी म्हणतो, राहू देत गवतात — पाहुणे मान खाली घालून वाचतील, मोठ्या माणसांना तेवढाच व्यायाम.

आणि आमच्या ऑफिसला फोन केलात ना मघाशी, त्या झाडाआड जाऊन? तक्रार करायला? करा की, बिनधास्त करा. फोन उचलतो तो माझा मेहुणाच आहे — बायकोचा धाकटा भाऊ. गोड बोलतो. गिऱ्हाइकं खूश असतात त्याच्यावर.

आता नीट बघा, म्हणजे पाहुण्यांना सांगता येईल. माणसाला बास्केटमध्ये उभं करून उंच नेणारं हे मशीन, याला आम्ही कोळी म्हणतो. तुमच्या त्या चिंचोळ्या फाटकातून अंग चोरून आत आला, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर ही चढण चढला आणि चार पाय पसरून बसला. उताराचं त्याला वावडं नाही — खालच्या बाजूचे पाय लांब करायचे, वरचे आखूड, तळाशी लाकडी ठोकळे. कडेवर पोर घेतलेली बाई कशी कंबर एका बाजूला काढून उभी राहते, तसं. पण अट एकच, चारही पायांवर भार हवा. प्रत्येक पायात एक कळ आहे, भार आला की ती दाबली जाते आणि इथे हिरवा दिवा लागतो. चार दिवे लागल्याशिवाय बास्केट वर जात नाही. तीन लागलेत. चौथा लागतो, विझतो, लागतो, विझतो. का? कारण त्या खालच्या पायाखाली तुम्ही गेल्या महिन्यात पाण्याची नळी टाकली, चर बुजवला आणि वर हिरवळ लावली. हिरवळ छान आहे हो. आत भुसभुशीत, वर हिरवंगार — माणसंही असतात अशी, तुम्हाला नाही म्हणत.

उपाय? आहे ना. कोळी उचलायचा, मागून आणून त्या फरसबंदीवर बसवायचा, त्यासाठी तुमच्या कुंड्या आणि ते कुंपण काढायचं — उद्या दुपारी अक्षरं वर. उद्या नको? मग झटपट उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. बाटलीचं झाकण. साधं, प्लॅस्टिकचं. त्या कळीवर ठेवायचं, वरून चिकटपट्टी — कळ कायमची दाबलेली, दिवा कायमचा हिरवा. पाय जमिनीवर असो, नाहीतर हवेत. इतकं महागडं मशीन, आणि त्याचं तोंड बंद करायला एक झाकण पुरतं. कोणी शोधून काढलं कोण जाणे. हुशारच म्हणायचा — आमच्याकडे त्याला सगळे कौतुकाने इंजिनिअर म्हणायचे. शिकलेला होता, साहेबलोकांना नाही म्हणायची लाज वाटायची त्याला.

काय झालं म्हणजे? काय व्हायचं. असाच उतार, असेच कोणीतरी पाहुणे. सकाळी दिवा लुकलुकत होता, त्याने झाकण लावलं आणि बास्केट वर पाठवली. बास्केटमध्ये दुसरा एक जण. खालचा पाय मातीत हळूहळू जात राहिला — इतका हळू की उभ्या माणसाला कळू नये. मशीनला कळलं होतं. पण त्याचं तोंड मी बंद —

त्याने. त्याने बंद केलं होतं.

असं काय बघताय? बरं, मी. मी केलं होतं. वर मेहुणा होता. आता कळलं, तो ऑफिसात बसून फोन का उचलतो? बसूनच असतो तो, दोन वर्षं झाली, खुर्चीला चाकं आहेत. चौकशीत मशीनचा दोष निघाला. मशीन बिचारं काय बोलणार. बायको आजही मशीन बनवणाऱ्या कंपनीला शिव्या देते आणि मी ताटावर मान हलवतो. आणि ऐकायचंच आहे तर पुढचंही ऐका — कोळी कलंडून तो पडल्यावर मी आधी कुठे धावलो असेन? त्याच्याकडे? सगळे हेच धरून चालतात. मी पायाकडे धावलो. चिकटपट्टी ओरबाडली, झाकण काढून खिशात घातलं, मग त्याच्याकडे गेलो. त्याला नाही माहीत. डोळे मिटलेले होते त्याचे.

आता मला विचारा परत, लावता का झाकण. विचारा ना.

काय? कोण म्हणालं?

ऑफिसातून — मघाशी, फोनवर? नेमकं काय म्हणाला तो? नाही, तुमच्या शब्दांत नको, त्याच्या शब्दांत सांगा.

‘दाजींच्या खिशात झाकण आहे. लावतात का विचारा, आणि मला कळवा.’

खिशात म्हणाला.

हसत होता का? — नाही. बरं.

हे बघा. हेच ते. दोन वर्षं फेकायचं म्हणतोय. धुण्यात टाकायच्या आधी दर वेळी काढतो, दर वेळी परत ठेवतो. आणि तो रोज सकाळी मला पत्ता देतो, उतार किती ते सांगतो, जपून जा दाजी म्हणतो. रोज.

कळवा त्याला. लावलं नाही म्हणून कळवा. तुमच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. आणि आता लांब व्हा इथून, त्या झाडापाशी जाऊन उभे राहा — मला पाय उचलायचेत. लांब म्हटलं ना साहेब.