हात वर करून दाखवणारी

कंडक्टर : हळू चाल गं. आणि तोंड असं सुतकी करू नकोस. ती बाई आत बसलीय, तुझा चेहरा बघूनच पळून जाईल.

ग्रंथपाल : काल दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की तुझा कॅन्सर परत आलाय. मणक्यात आणि खांद्याच्या हाडात. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्याला एक दिवसही उलटलेला नाही. कसला चेहरा करू मी?

कंडक्टर : लायब्ररीत लोकांना गप्प बसवताना करतेस तो.

ग्रंथपाल : थट्टा नको. सिस्टरना सांग, आज जमणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी बोलवा.

कंडक्टर : दुसरी आहे कोण? ऑपरेशनला नको म्हणणारी बाई आली की सिस्टर मला फोन लावते. मी येते, पडदा ओढते, शर्ट काढून वण दाखवते, हात कानाला चिकटवून वर करते. म्हणते, बघ बाई, सात वर्षं झाली, उभ्याने ड्यूटी करते, ठणठणीत आहे. पन्नासेक बायकांनी तरी ऐकलंय माझं.

ग्रंथपाल : तेव्हा ते खरं होतं.

कंडक्टर : परवापर्यंत होतं की. एवढ्यात काय शिळं झालं?

ग्रंथपाल : तुझ्या शब्दावर ती स्त्री स्वतःचा स्तन काढून देणार आहे. तिला खरं समजण्याचा हक्क आहे.

कंडक्टर : आणि नाही काढला तर? गाठ लिंबाएवढी झालीय म्हणे. उद्या सकाळी नंबर आहे तिचा. आज घरी गेली तर परत कधी येईल? ती शिक्षिका आठवते ना, सहा महिने तेल चोळत बसली. आली तेव्हा डॉक्टरांनी नुसते हात जोडले.

ग्रंथपाल : म्हणून खोटं बोलायचं.

कंडक्टर : खोटं कुठे, विषय काढायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू फक्त बरोबर ये.

ग्रंथपाल : माझं काय काम तिथे?

कंडक्टर : शर्ट खांद्यावरून कोण उतरवणार? सकाळी घालतानाच शेजारणीला हाक मारावी लागली. तिला म्हटलं, मान अवघडलीय.

ग्रंथपाल : लेकीला सांगितलंस का?

कंडक्टर : तिला आठवा महिना चाललाय. आधी सुखरूप सुटू दे.

ग्रंथपाल : म्हणजे लेकीपासून लपवायचं, शेजारणीपासून लपवायचं, आता या बाईपासूनही. ठीक आहे, येते मी. पण मला काही विचारलं तर एक शब्द खोटा बोलणार नाही.

कंडक्टर : तू बोलूच नकोस. तू तर सात वर्षांत स्वतःचा वण आरशालासुद्धा दाखवला नाहीस, तुला कोण काय विचारतंय.

ग्रंथपाल : माझं शरीर आहे. प्रदर्शन नाही.

(वॉर्डातला शेवटचा पडदा सरकतो. खाटेवर भरलेली पिशवी, शेजारी पायात चपला घालून बसलेली पंचेचाळिशीची बाई.)

कंडक्टर : तूच ना बेकरीवाली? चपला घालून बसलीस, म्हणजे गाडी सुटायचीच वाट बघतेयस.

बेकरीवाली : पाचला दीर येतोय न्यायला. सिस्टरला तसं सांगितलंय मी. उगाच तुम्हाला हेलपाटा पडला.

कंडक्टर : माझा जन्मच हेलपाट्यात गेला, बसवर कंडक्टर आहे मी. ही माझी मैत्रीण, ग्रंथपाल आहे. सात वर्षांपूर्वी याच वॉर्डात आमच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. माझी डावी बाजू काढली, हिची उजवी. दोघी मिळून एक धड बाई होते.

ग्रंथपाल : हे ती प्रत्येकीला सांगते.

बेकरीवाली : मला नाही हसू आलं.

कंडक्टर : पहिल्यांदा कोणालाच येत नाही.

बेकरीवाली : ताई, तुम्ही भल्या आहात, पण माझं एकदा तोंड भाजलंय. माझ्या थोरल्या बहिणीने काढून घेतलं होतं. सगळे म्हणाले, मुळासकट गेलं, आता निर्धास्त राहा. तिचा नवरा म्हणाला, मी पण म्हणाले. दीड वर्षात गेली. शेवटी शेवटी मला विचारायची, तुम्ही सगळे माझ्याशी खोटं का बोललात? तेव्हाही मी म्हणाले, खोटं नाही गं, होशील बरी. ते ऐकून तिने भिंतीकडे तोंड केलं. मग माझ्याशी बोललीच नाही.

कंडक्टर : प्रत्येकीचं वेगळं असतं गं.

बेकरीवाली : हे पण तेव्हा ऐकलंय.

कंडक्टर : बरं. मग तूच सांग, तुला काय पाहिजे?

बेकरीवाली : हात पाहिजे. पहाटे तीनला उठते मी. पीठ मशीनमध्ये फिरतं, पण गोळे हातानेच. भट्टीचा वरचा कप्पा माझ्या डोक्याच्या वर आहे, तिथून तापलेला ट्रे ओढायचा. थोरलीचा हात सुजून खांबासारखा झाला होता, चमचा धरता येत नव्हता. हात गेला तर मी घरात नुसती बसून खाणारी झाले. आणि दुसरं, मला फसवू नका. मरण यायचं तर येऊ दे. फसवून नको.

कंडक्टर : हाताचंच ना, मग बघ. पडदा ओढ गं. शर्ट उतरव माझा.

ग्रंथपाल : हळू. आधी डावी बाही.

कंडक्टर : हं. हा वण. इथून निघून काखेत जातो. लाव हात, लाजू नकोस.

बेकरीवाली : मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं आहे. साफ आहे. थोरलीचं असं नव्हतं.

कंडक्टर : आणि हात हा असा. बसमध्ये घंटीची दोरी ओढतो ना, तसा सरळ वर, कानाला…

ग्रंथपाल : थांब.

कंडक्टर : थांब काय. जातो. जरासा आखडलाय.

बेकरीवाली : खांद्याच्या वर जातच नाहीये तो.

कंडक्टर : आज सकाळपासूनच. एरवी…

बेकरीवाली : तुम्हाला दरदरून घाम फुटलाय.

ग्रंथपाल : तिचा खांदा धरलाय. गारठ्याने. कालच डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या केल्या, काही निघालं नाही. बसमध्ये तासन्‌तास दांडा धरून उभं राहिलं की होतं असं. व्यायाम दिलेत. आठवड्याभरात मोकळा होईल.

कंडक्टर : अगं.

ग्रंथपाल : खरंच सांगते. काहीही निघालेलं नाही.

बेकरीवाली : माझ्याकडे बघून बोला.

ग्रंथपाल : बघूनच बोलतेय.

बेकरीवाली : तुम्हाला खोट्याची सवय नाही बाई. माझा मेव्हणा असाच फरशीशी बोलायचा.

कंडक्टर : सोड गं. बाहेर म्हणालीस, एक शब्द खोटा बोलणार नाही. इथे एका दमात ढीगभर बोललीस. माझ्यापायी.

बेकरीवाली : परत आलंय तुमचं.

कंडक्टर : आलंय. काल कळलं. महिनाभर पाठ दुखत होती, मी आपली रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या देत होते. मणक्यात आहे, या खांद्याच्या हाडात आहे. आता बरं होणार नाही, दुखणं तेवढं कमी करू, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बेकरीवाली : आणि तरी मला सांगायला आलात, ठणठणीत आहे म्हणून.

कंडक्टर : हो.

बेकरीवाली : का?

कंडक्टर : तू पळून जाशील म्हणून. आणि खरं सांगू? घरी बसवत नव्हतं. काल आल्यापासून नुसती खुर्चीत बसून होते. चहा केला, तो ओट्यावरच गार झाला. लेकीचा फोन आला, तिला म्हटलं, मजेत आहे. मग सकाळी सिस्टरचा फोन आला आणि मी अंघोळ केली. वाटलं, अजून कोणाला तरी आपला उपयोग आहे. तेवढ्या सुखासाठी तुला फसवायला निघाले होते. चुकलं माझं.

बेकरीवाली : माझी पिशवी द्या.

ग्रंथपाल : जाऊ नका.

बेकरीवाली : द्या म्हटलं ना. थोरलीला दीड वर्ष मिळालं, यांना सात. शेवट तोच. मग कापून घ्यायचं कशाला? आहे तशी अख्खी जाते.

कंडक्टर : शेवट तोच, त्यावर मी वाद घालत नाही. सात वर्षांत काय मोठे दिवे लावले विचारशील, तर काही नाही. लेकीचं लग्न केलं. नवऱ्याला स्मशानात पोचवलं. डेपोच्या साहेबाशी दोन वर्षं भांडून बायकांसाठी संडास बांधून घेतला. कधी कधी आठ-आठ दिवस हे दुखणं आठवायचंही नाही. रडलेही भरपूर, ते मोजलं नाही. पण तुला समजवायला आज मी नालायक आहे. हात वर जात नाही, मग मी बोलायचं कोणत्या तोंडाने? शर्ट चढव गं मला, निघू.

ग्रंथपाल : थांब जरा.

कंडक्टर : आता काय?

ग्रंथपाल : बाई, तो पडदा तुमच्या बाजूने नीट ओढता का? फट राहिलीय.

कंडक्टर : काय करतेस तू?

ग्रंथपाल : बटणं काढतेय. दिसत नाही का?

कंडक्टर : तू?

ग्रंथपाल : मला याची सवय नाही, तेव्हा मध्ये बोलू नकोस. बघा बाई. माझा वण हिच्यासारखा साफ नाही. माझे टाके पिकले होते. खालची कातडी ओढल्यासारखी झालीय, थंडीत ठणकते. माझ्या नवऱ्याने हे पाहिलेलं नाही. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी दाखवलं नाही. तो विषय तसाच राहिला आणि आम्ही दोन खोल्यांत झोपायला लागलो. हे तुम्हाला सांगतेय, कारण फसवू नका म्हणालात.

बेकरीवाली : आणि हात?

ग्रंथपाल : उजवा. माझा कामाचा हात. सगळ्यात वरच्या फळीवर जाड शब्दकोश आहेत, ते मीच काढते. हा बघा.

बेकरीवाली : कानाला लागतोय.

ग्रंथपाल : पहिले सहा महिने लागत नव्हता. भिंतीवर बोटं चालवत न्यायचा, जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करायची. दुखून डोळ्यांत पाणी यायचं. ही मागे उभी राहून ओरडायची, पुढे चला, पुढे जागा आहे. एकदा मी हिच्या अंगावर पेन्सिल फेकली होती.

कंडक्टर : डोळा थोडक्यात वाचला माझा.

बेकरीवाली : सूज येते?

ग्रंथपाल : येते. दिवसभर घट्ट बाही घालावी लागते. घड्याळ या मनगटावर बसत नाही. खांबासारखा झाला नाही, पण पहिल्यासारखाही नाही. भट्टीच्या आचेजवळ जपावं लागेल, भाजलं तर लवकर भरत नाही.

बेकरीवाली : तुमचं परत नाही आलेलं.

ग्रंथपाल : मागच्या तपासणीपर्यंत नाही. पुढची पुढच्या महिन्यात आहे. मला भीती वाटते. कालपासून फार वाटते.

बेकरीवाली : हात लावू?

ग्रंथपाल : लावा. तिथे मला काही कळत नाही. बधिर आहे.

बेकरीवाली : तुम्ही डोळे गच्च मिटून घेतलेत.

ग्रंथपाल : लाज वाटतेय. तुम्ही बघा.

कंडक्टर : ए, रडायचं नाही हं. तू रडलीस की मी रडणार, आणि मला हुंदका आला तरी पाठीत कळ जाते.

बेकरीवाली : घाला बाई कपडे. गारठाल. बघितलं मी.

ग्रंथपाल : अजून काही विचारायचंय?

बेकरीवाली : नाही. दिराला फोन करते.

कंडक्टर : काय सांगणारेस?

बेकरीवाली : येऊ नको म्हणून. हसू नका, तुमचं पटलं म्हणून नाही. तुमच्या बोलण्याने तर मी पार दारापर्यंत गेले होते. पण माझ्या थोरलीला कोणी असं समोर बसवून, उघडं करून सांगितलं असतं, तर ती निदान आमच्याकडे पाठ फिरवून मेली नसती. मला वरच्या कप्प्यापर्यंत हात पाहिजे. वर्ष म्हणा, दोन म्हणा. मिळेल तेवढं.

ग्रंथपाल : मिळेलच असं मी म्हणत नाही.

बेकरीवाली : माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला विचारते. उद्या सातला मला आत नेणार आहेत. नवरा भट्टी सोडून दुपारशिवाय येत नाही. दीर आला तर बाहेर फोनवर बोलत उभा राहणार. आत नेताना आणि शुद्धीवर येताना बाईमाणूस पाहिजे. काय झालं, किती काढलं, ते खरं सांगणारं. तुम्ही याल?

ग्रंथपाल : उद्या सातला?

बेकरीवाली : काय झालं?

ग्रंथपाल : उद्या सातला हिला किरणांचा पहिला शेक द्यायचाय. मागच्या इमारतीत. मी हिच्याबरोबर जाणार आहे. हिला आता एकटीला उठता-बसतानाही त्रास होतो. आणि हिच्याकडे दुसरं कोणी नाही.

बेकरीवाली : मग राहू द्या. मी सिस्टरला सांगेन.

कंडक्टर : राहू द्या काय? सिस्टरला वीस खाटा बघायच्या असतात. तू हिच्यापाशी थांब गं.

ग्रंथपाल : नाही.

कंडक्टर : ऐक माझं. तिचं ठरलंय ते तुझ्याकडे बघून ठरलंय. शुद्धीवर आल्यावर तू दिसली नाहीस तर आपण आणि तिचे ते मेव्हणे, सगळे सारखेच.

ग्रंथपाल : आणि तू काय करणार?

कंडक्टर : मी जाते की. टेबलावर चढवायला दोन माणसं असतात तिथे.

ग्रंथपाल : पहिलाच दिवस आहे. तू एकटी जाणार?

कंडक्टर : तू आलीस तरी काय होणार? आडवं झोपवतात, हलू नका म्हणतात, आणि दार लावून सगळेच बाहेर जातात.