हात ठेवायचा, हलवायचा नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष मोहिनीताई आहेर, व्यासपीठावर बसलेले आमचे बालरोगतज्ज्ञ डॉ. प्रफुल्ल देवरे, विश्वस्त मंडळी, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती मैना गांगुर्डे, तिचे यजमान हिरामणराव, आणि समोर बसलेल्या माझ्या सिस्टर्स, मावश्या आणि पालकहो,

मागच्या रांगेतल्या मुलींनो, समोसे बाहेरच ठेवलेत, ते कुठे पळून जात नाहीत. बोलणं थांबवा. मेट्रन बोलायला लागली की काय करायचं असतं, हे तुम्हाला आज नव्याने सांगायला नको.

निमंत्रणपत्रिकेवर ‘स्वेच्छानिवृत्ती’ असं छापलं आहे. हा शब्द मला खटकला. यात इच्छा कुणाची होती? मैनाची नव्हती. माझी तर नव्हतीच. मैनाला कंपवात झाला आहे. हे आडवळणानं सांगू नका, सरळ सांगा, असं तिनंच मला बजावलंय, म्हणून सांगते.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, हात थरथरतो म्हणून कुणी नोकरी सोडतं का? मलाही असंच वाटलं होतं. मी तिला रजिस्टरचं काम देऊ केलं, स्टोअर देऊ केलं. ती म्हणाली, “मॅडम, बाळांच्या भिंतीपलीकडे बसून मी कापूस मोजू का?”

मैनाचं काम काय होतं, हे इथल्या पाहुण्यांना ठाऊक असायचं कारण नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं मूल आमच्या नवजात विभागात येतं. ओंजळीत मावेल एवढं. त्याला जगवायचं म्हणजे टोचावं लागतं. टाचेतून रक्त काढायचं, शीर शोधायची, नळी घालायची. मी शिकत होते तेव्हा शिकवणारे म्हणायचे, एवढ्याशा जिवाला कुठं कळतंय? कळतं. घशात नळी असली की त्याच्या रडण्याला आवाज नसतो, म्हणून आपल्याला कळत नाही. चेहरा बघा. कपाळ आक्रसतं, बोटं फाकतात, सगळं अंग ताठ होतं. आणि दर टोचणीला दुखण्याचं औषध देता येत नाही. तेवढ्या औषधानं श्वास मंदावला तर?

मग काय उरतं? आईच्या दुधाचे थेंब जिभेवर द्यायचे. जमेल तेव्हा आईच्या उघड्या छातीशी धरून टोचायचं. आई जवळ नसेल तर हात. एक तळवा डोक्याला, दुसऱ्या हातानं पाय पोटाशी दुमडून धरायचे, आईच्या पोटात होतं तसं.

आणि इथेच आपल्याकडची प्रत्येक बाई चुकते. मूल कुरकुरलं की आपण काय करतो? थोपटतो. आई थोपटते, आजी थोपटते, भेटायला आलेली शेजारीणही थोपटते. एवढ्या कोवळ्या जिवाला ते सोसत नाही. कुरवाळलेलंही सोसत नाही. नाडी धावायला लागते, प्राणवायू खाली येतो, मशीन ओरडतं. आणि मशीनच्या आधी मैना ओरडायची, “अगं ए, ढोल हाय का तो? हात ठेवायचा, हलवायचा नाय!” सायखेड्याचा आवाज तो, नदीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाणारा. मी तिला त्याबद्दल लेखी समज दिली होती. उपयोग शून्य.

पण तिचा हात बाळावर पडला की दगडासारखा स्थिर असायचा. डॉक्टर सुई लावायचे, बाळाचं कपाळ आक्रसायचं आणि हळूहळू सैल व्हायचं. डॉ. प्रफुल्ल तर अवघड शीर असली की विचारायचे, “मैना ड्युटीवर आहे का?”

मालेगावहून शौकत नावाचा यंत्रमाग चालवणारा माणूस आला होता. बायको, अफरीन, दुसऱ्या इस्पितळात ऑपरेशननंतर पडलेली. बाळ आमच्याकडे. शौकत दारात उभा, आत येईना. म्हणाला, “सिस्टर, लूम का हाथ है मेरा, खुरदरा. बच्चे को लगेगा.”

मैनाची हिंदी तुम्हाला माहीत आहे. “कुछ लगता नही, शौकतभाई. गरम है ना? बस. हात धुवो, रखो, और हिलाव मत.”

त्यानं हात ठेवला. दर टोचणीला तोच यायचा, मैना शेजारी उभी राहायची. ते मूल आम्ही वाचवू शकलो नाही. शौकतनं त्याला कापडात गुंडाळून घेतलं, दारापर्यंत गेला, परत आला आणि मैनाला विचारलं, “सिस्टर, उसको मेरा हाथ मालूम था ना?”

“मालूम था,” मैना म्हणाली.

नंतर चेंजिंग रूममध्ये तिनं मला विचारलं, “मॅडम, मी खोटं बोलले का हो?” मी म्हटलं, नाही. मी सहसा कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, हे तुम्ही सगळे जाणता.

आता यंदाची गोष्ट. सुरगाण्याकडची भागीबाई आज इथे आली आहे, तिसऱ्या रांगेत. तिचं बाळ आमच्याकडे फार दिवस होतं. एकदा टाचेतून रक्त घ्यायचं होतं. मैनानं नेहमीसारखे हात ठेवले. बाळ शांत होईना. मशीन वाजायला लागलं. मैना घाबरली, डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक. पुन्हा हात ठेवला, पुन्हा मशीन. मैना म्हणाली, “याला काहीतरी झालंय, डॉक्टर, मला कळतंय.”

भागीबाई सगळ्यांनाच अगं-तुगं करते, मलासुद्धा. ती शांतपणे म्हणाली, “बाय, त्याला काय नाय झालं. तुझा हात हालतोय.”

मैनानं आपल्या हाताकडे पाहिलं. मी समोरच होते. घरी चहाचा कप हिंदकळतो, हे तिला माहीत होतं. पण बाळावर ठेवलेला हात हलेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं हात उचलले, भागीबाईचे दोन्ही हात धरून बाळावर नीट बसवले आणि म्हणाली, “आता तूच. हलवायचा नाय.” मशीन वाजायचं थांबलं. रक्त घेऊन झालं. त्या दिवसापासून मैनानं एकाही बाळाला हात लावलेला नाही. आठवडाभरात तिचा अर्ज माझ्या टेबलावर होता.

मी सही केली. दुसरं काही करणं बाळांच्या हिताचं नव्हतं. पण सही करणं योग्य होतं म्हणून वाईट वाटायचं थांबतं का?

तिनं सांभाळलेली मुलं आज ओझरला, सटाण्याला शाळेत जातात. रस्त्यात भेटली तर तिला ओळखणार नाहीत. त्यांना आठवणार काहीच नाही. टोचल्याचं नाही, हाताचंही नाही. आमच्या कामाचं असंच असतं.

आज सकाळी भागीबाई बाळाला तपासायला घेऊन आली. गुटगुटीत झालाय, नाव ठेवलंय मंगळू. तिनं तो मैनापुढे धरला. मैनानं दोन्ही हात पदराखाली घेतले. “नको गं, हालतात ते.”

त्यावर भागीबाई म्हणाली, “हालू दे की. आता मोठा झालाय. आता थोपटल्याबिगर निजत नाय मेला.”

वैद्यकीयदृष्ट्या भागीबाईचं बरोबर आहे. वाटल्यास डॉ. प्रफुल्लना विचारा. ते मान डोलावतायत. मैनानं मात्र तेव्हा त्याला घेतलं नाही आणि आताही ती मान खाली घालून बसली आहे.

मैना, मेट्रन म्हणून माझा तुला शेवटचा हुकूम. पदराखालचे हात बाहेर काढ. भागीबाई, मंगळूला घेऊन ये गं वर, जपून, पायरी उंच आहे. त्या विभागात तुला मी परत नेऊ शकत नाही, मैना. ते माझ्या हातात नाही. एवढं मात्र आहे.

अध्यक्षांनी बोलण्याची संधी दिली, त्यांची मी आभारी आहे. हिरामणराव, सणावाराला तुमची बायको आम्ही घरी पाठवली नाही आणि तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, तुमचेही आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल, आणि माझ्या तोंडून ते निघतंच, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि मोहिनीताई, शाल-श्रीफळ जरा नंतर देऊया का? मंगळू झोपेला आलाय. मैनाचे हात आत्ता रिकामे नाहीत.