सशाला वेगळी खोली

जनावरांच्या दवाखान्यात शिंपीकाका आजारी मांजर घेऊन बसले होते. शेजारच्या बाकावर एक सासू मांडीवरची सशाची टोपली सोडायला तयार नव्हती. सून तिला समजावत होती.

"आई, आमच्याकडे राहायला आल्यावर पहिला आठवडा ससा वेगळ्या खोलीत. दार बंद."

"आणि तुमचा कुत्रा?"

"बाहेर. आधी नुसते ह्याचे टॉवेल त्याला आणि त्याचे ह्याला द्यायचे, म्हणजे वासाची ओळख होते. मग मध्ये जाळी, कुत्रा पट्ट्याला बांधलेला."

"गुरगुरला तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून."

"माझा ससा घाबरला की पाय आपटत बसतो गं. वेगळी खोली म्हणजे माझीच ना?"

"हो, तुम्ही दोघं एकत्र."

"म्हणजे दार माझंही बंद."

"तसं नाही हो, आई."

"आणि नाहीच जमलं, तर ह्याला घेऊन जाऊ कुठे? माझं घर तर आज विकताय."

सुनेने नवऱ्याला फोन लावला. "अरे, ऐक. आईंच्या घराची किल्ली आज कुणाला देऊ नकोस."